खोडलेला नंबर म्हणजे डुप्लिकेट नव्हे

प्रश्न: माझे सासरे लष्करात होते. ते गेल्यावर त्यांचं रिव्हॉल्व्हर रीतसर माझ्या यजमानांच्या लायसन्सवर चढलं. फ्रेमच्या उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली ‘एनफिल्ड’, मग ‘नं. २ मार्क १’, त्यापुढे किंचित तिरकी चांदणी आणि १९३६ असं ठोकलेलं आहे. हॅमरला मागे अंगठ्यानं ओढायचं टोकच नाही. मुठीची उजवी पट्टी लाकडी, पितळी चकती असलेली; डावी मात्र काळ्या प्लास्टिकची. सिलिंडरवर एक नंबर आडवी रेघ मारून खोडलाय आणि शेजारी दुसरा ठोकलाय, तो फ्रेमशी जुळतो. एका जाणकारांनी ‘हा जोडतोडीचा डुप्लिकेट माल आहे, पॉलिश करून नवं ब्लूइंग (धातूवरचा काळा-निळा थर) घ्या, नंबर नीट पाडून घ्या, मग किंमत येईल’ असं सांगितलं. शिवाय नेरुळच्या एका परिचितांकडचं स्मिथ अँड वेसन ‘व्हिक्टरी’ यजमानांना घ्यायचंय. चार इंची नळी, व्ही अक्षरानं सुरू होणारा नंबर, आरशासारखी चकाकी. मालक म्हणतात, ‘.३८ स्पेशल काडतूसही चालतं.’ मूळ काय आणि बदललेलं काय, हे कसं ओळखायचं?
एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: तुम्ही लिहिलंय तसंच असेल, तर घरातलं रिव्हॉल्व्हर डुप्लिकेट नाही. चांदणी, बिनटोकाचा हॅमर आणि खोडलेला नंबर या तिन्ही गोष्टी लष्करी वर्कशॉपच्या कामाशी जुळतात. खटकण्यासारखी आहे ती फक्त मुठीची बेजोड जोडी, आणि ती किरकोळ बाब आहे. संशय घ्यायचाच असेल तर नेरुळच्या चकचकीत नगावर घ्या. आणि ‘नंबर नीट पाडून घ्या’ हा सल्ला तर कानाआड करा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ प्रमाणे शस्त्रावरचं नाव, नंबर किंवा ओळखचिन्ह पुसणं, बदलणं वा बनावट उमटवणं हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही सोज्वळ असो.

पाहणी करताना शस्त्र यजमानांच्या हातात राहू द्या. लायसन्स त्यांच्या नावावर आहे. तुम्ही फोटो काढा आणि वही सांभाळा. काडतुसं आधी दुसऱ्या खोलीत ठेवा. एनफिल्डच्या डाव्या बाजूचा खटका अंगठ्यानं दाबला की नळी पुढे झुकते आणि सिलिंडरची मागची बाजू उघडी पडते. सहाही चेंबर, म्हणजे काडतुसांची घरं, डोळ्यांनी पाहा, शिवाय करंगळी फिरवून खात्री करा. पुढचं सगळं शस्त्र उघडं असतानाच करायचं. लागतं फार थोडं: सराफाकडचं दहापट भिंग, एक टॉर्च, व्हर्नियर कॅलिपर, मऊ सुती कापड आणि पांढरा कागद. टॉर्च समोरून न मारता पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे बुजत आलेल्या अक्षरांच्या कडा सावलीनं उठून दिसतात. खुणा वाचायला पितांबरी, ब्रासो किंवा सँडपेपर लावायचा नाही. स्क्रूला हात लावायचा नाही. घरातल्या पेचकसाची टोकं निमुळती असतात. ती खाचेत नीट बसत नाहीत आणि खाच फाडतात. फाटलेली खाच पाहिली की पुढचा प्रत्येक जाणकार आधी हेच विचारतो की हे कुणी आणि कशासाठी उघडलं होतं.

आता चांदणी. या रिव्हॉल्व्हरचा पहिला नमुना, साधा मार्क १, ब्रिटिश लष्करानं १९३२ मध्ये स्वीकारला. पहिल्या महायुद्धातल्या .४५५ वेब्लीपेक्षा हलकं, नवख्या शिपायालाही आवरेल असं शस्त्र हवं होतं, म्हणून .३८० बोअर आणि २०० ग्रेनची गोळी ठरली. रचना वेब्लीच्या .३८ शी इतकी मिळतीजुळती होती की कंपनीनं भरपाई मागितली आणि शेवटी तिला १२५० पौंड मिळाले. मार्क १ ला टोकाचा हॅमर होता: अंगठ्यानं मागे ओढूनही झाडता येई, नुसता चाप दाबूनही. १९३८ मध्ये ‘मार्क १ चांदणी’ आला. त्यात हॅमरचं टोक गेलं आणि अंगठ्यानं चढवायची सोयही काढली. रणगाड्यात चढता-उतरताना हे टोक आतल्या सामानात अडकतं, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण. त्यानंतर आधी बनलेले मार्क १ वर्कशॉपमध्ये येत गेले तसतसे त्यांचेही हॅमर बदलले किंवा टोक कापून घासले गेले आणि फ्रेमवर चांदणी ठोकली गेली.

तुमच्या फ्रेमवर १९३६ आहे, म्हणजे चांदणीचा नमुना निघायच्या दोन वर्षं आधीचं. चांदणी तिरकी असणं, तिचा ठसा बाकी अक्षरांपेक्षा कमी-जास्त खोल असणं, यात काही विशेष नाही. ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या हातानं, वेगळ्या पंचनं उमटवलेली आहे. हॅमरची पाठ भिंगातून पाहा. टोक कापून घासलेलं असेल तर तिथे घासल्याच्या बारीक समांतर रेघा किंवा थोडा चपटेपणा दिसू शकतो. कारखान्यातच बिनटोकाचा बनलेला असेल तर पाठ एकसारखी गोलसर असते. दोन्ही प्रकार खरे.

खोटेपणा होतो तो उलट्या दिशेनं. इतके मार्क १ बदलले गेले की टोकाचा हॅमर शाबूत असलेला नग आज दुर्मिळ आहे, त्यामुळे चांदणीच्या नगाला कुठून तरी मिळवलेला टोकाचा हॅमर बसवून ‘अस्सल मार्क १’ म्हणून विकायचा मोह होतो. फ्रेमवर चांदणी आणि हॅमरला टोक असं दिसलं, तर कुणीतरी नंतर हात मारलाय हे उघड आहे. चांदणी नाहीच, पण ती जिथे असायची तिथला पत्रा किंचित खोलगट दिसतोय, टॉर्चच्या तिरक्या उजेडात सपाट पृष्ठभाग लहरतोय, तर ती घासून काढलेली असू शकते. घरच्या रिव्हॉल्व्हरचं टोक ‘परत बसवून’ घ्यायचा विचार मनात असेल तर तोही इथेच सोडा. ते करून १९३६ चा मूळ नग परत मिळत नाही, हातात उरतो तो एक बनाव.

दोन चांदण्या दिसल्या तर त्याचा अर्थ वेगळा. १९४२ मध्ये घाईच्या उत्पादनासाठी हॅमरचा सुरक्षा-अडसर वगळलेला ‘मार्क १ दोन चांदण्या’ निघाला. अडसर नसल्यानं शस्त्र हॅमरवर आपटून पडलं तर गोळी सुटण्याचा धोका होता, म्हणून युद्धानंतर असे नग परत बोलावून बहुतेकांना अडसर बसवला गेला. तुमच्या वर्णनात हा प्रश्न उद्भवत नाही, पण विकत घेताना दोन चांदण्या दिसल्या तर अडसर आहे की नाही हे गनस्मिथकडून तपासून घेतल्याशिवाय ते भरून ठेवू नये.

सिलिंडरकडे येऊ. एनफिल्डचा नंबर फ्रेम, नळी आणि सिलिंडर या तिन्ही मुख्य भागांवर असतो. सिलिंडर प्रत्येक फ्रेमला बसवून, तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. खणातलं कुठलंही उचलून लावलं तर चेंबर नळीच्या रेषेत येईलच असं नाही. म्हणून लष्करी आर्मोरर बदली भाग बसवला की जुन्या नंबरवर आडवी रेघ मारायचे आणि शेजारी नवा नंबर ठोकायचे. जुना नंबर मुद्दाम वाचता येईल असा ठेवायचा, हीच तर त्यातली शिस्त. चोरटा माणूस काय करतो? तो जुना नंबर वाचताच येऊ नये म्हणून घासून सपाट करतो. खोडलेला आकडा दिसतोय, याचा अर्थ काम उघडपणे झालंय. नव्या आकड्यांची ओळ थोडी वाकडी असेल, एखादा आकडा खोल गेला असेल, तरी बिघडलं नाही. त्याच फ्रेमवर कुठे एफटीआर ही तीन अक्षरं आणि वर्ष सापडतं का ते बघा. कारखान्यात संपूर्ण उघडून दुरुस्त केल्याची ती खूण. सिलिंडर बदललं असेल तर बहुधा त्याच फेरीत.

नळीवरचा नंबरही फ्रेमशी जुळतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते आधी पाहा, सिलिंडरपेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे. मूळ नळी पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर. मोजायची ती तोंडापासून सिलिंडरकडच्या टोकापर्यंत. मग आतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा, मोजा. उघडलेल्या नळीच्या मागच्या टोकाशी पांढरा कागद धरा, टॉर्चचा उजेड कागदावर पाडा आणि तोंडाकडून पाहा. एनफिल्ड आणि वेब्लीला सात खाचा उजव्या वळणाच्या, स्मिथ अँड वेसनला पाच उजव्या, कोल्टला सहा आणि त्या डाव्या वळणाच्या. वळण कुठल्याही टोकाकडून पाहिलं तरी तेच दिसतं, त्यामुळे बाजूचा गोंधळ होत नाही. नळी बदललेली आहे की नाही हे या एका मोजणीनं अनेकदा दोन मिनिटांत कळतं, तरीही ती कुणी करत नाही.

बारीक भागांवर वेगवेगळ्या कारखान्यांची अक्षरं सापडली तर घाबरू नका. युद्धकाळात एनफिल्डच्या सरकारी कारखान्याखेरीज ग्लासगोच्या अल्बियन मोटर्सनं १९४१ ते १९४३ या काळात ही रिव्हॉल्व्हर बनवली, पुढे ते काम कोव्हेंट्री गेज अँड टूलकडे गेलं. शिलाई मशीनवाल्या सिंगर कंपनीनंही भाग पुरवले. १९३६ च्या फ्रेममध्ये युद्धकाळातला चाप किंवा खटका निघाला, तर तो पुन्हा दुरुस्तीच्याच खात्यात जमा. उलट १९३६ च्या नगात एकूण एक भाग त्याच वर्षाचा, कोरा करकरीत निघाला, तर मीच जास्त प्रश्न विचारीन.

इथे एक गल्लत टाळा. आपल्याकडे नळी झुकणाऱ्या प्रत्येक जुन्या रिव्हॉल्व्हरला ‘वेब्ली’ म्हणायची सवय आहे, आणि त्यामुळे ‘वेब्लीचे सुटे भाग आहेत, लावून देतो’ असा प्रस्तावही सहज येतो. एनफिल्ड नं. २ ला यंत्रणा झाकणारं सुटं पान असतं. वेब्ली मार्क ४ ला ते नसतं. आतली कळ वेगळी, त्यामुळे भागांची अदलाबदल चालत नाही. वेब्लीच्या युद्धकाळातल्या नगांवर ‘वॉर फिनिश’ असे शब्द ठोकलेले असतात. घाईतल्या ओबडधोबड कामामुळे आपली पत जाऊ नये म्हणून कंपनीनं केलेली ती सोय, कुणा मालकाची करामत नव्हे. कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हरही वेब्लीच्याच वळणाचं आहे, तेव्हा लांबून दिसणाऱ्या साम्यावर जाऊ नका.

मालकीच्या खुणाही एकदा वहीत उतरवून घ्या. बाणाचं टोक ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण. बाणासोबत आय हे अक्षर असेल तर ते हिंदुस्थान सरकारच्या खात्यातलं. दोन बाण एकमेकांकडे टोक करून असतील तर शस्त्र सेवेतून रीतसर विकून बाहेर पडलंय. तुमच्याकडे ही दोन बाणांची खूण असेल तर तिचा स्वतंत्र, स्पष्ट फोटो ठेवा. सासऱ्यांच्या जुन्या कागदांशी ती जोडता येते. मुकुटाखाली बीएनपी ही अक्षरं असतील तर ती बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाची १९५४ नंतरची खूण. म्हणजे ते शस्त्र त्या सुमारास इंग्लंडच्या खासगी बाजारातून गेलेलं असणार.

मुठीच्या पट्ट्या. सुरुवातीच्या अक्रोडाच्या लाकडी पट्ट्यांत उजवीकडे पितळी चकती असायची, तिच्यावर पलटणीची खूण ठोकायची सोय. चांदणीच्या नमुन्याबरोबर अंगठ्यासाठी खोलगट जागा असलेल्या नव्या आकाराच्या पट्ट्या आल्या, पुढे त्या प्लास्टिकच्याही निघाल्या. म्हणजे तुमच्या दोन्ही पट्ट्या एनफिल्डच्याच असू शकतात, फक्त एका जोडीच्या नाहीत. एखादी पट्टी तडकली, हाती जी आली ती लावली, इतकी साधी गोष्ट असावी. चकतीवर काही आकडे-अक्षरं आहेत का ते पाहा. असतील तर त्या पट्टीला पॉलिश, लाखेचं पाणी, काही काही लावू नका. चकती चमकवायची तर अजिबातच नाही. पुढे कधी परवानाधारक विक्रेत्याकडे पूर्ण जोडी मिळाली तर बसवा, पण काढलेल्या दोन्ही पट्ट्या नावाची चिठ्ठी लावून जपून ठेवा. जोडी मिळाली नाही तरी काही अडत नाही.

पृष्ठभागाबद्दल तुमच्या जाणकारांशी आमचा पक्का मतभेद आहे. नवं ब्लूइंग करायचं म्हणजे आधी धातू चाकावर घासून लख्ख करावा लागतो. त्या घासण्यात ठशांच्या कडा गोल होतात, स्क्रूची भोकं कडेला खड्ड्यासारखी पसरतात, फ्रेमच्या धारदार कडा वितळल्यासारख्या दिसतात आणि सुट्या पानाचा सांधा, जो मूळ नगात जेमतेम दिसतो, तो रेघेसारखा उघडा पडतो. एकदा गेलेला धातू परत येत नाही. संग्राहक घासलेल्या, फिकट पण मूळ पृष्ठभागाला जास्त मोजतो, आणि बाण, चांदणी, एफटीआर यांपैकी काहीही घासण्यात गेलं तर तुमच्या नगाची सगळी कहाणीच वाचता येईनाशी होते. शिवाय काही ठिकाणी जाडसर काळा रंग दिसला तर ‘कुणी तरी ब्रशनं रंगवलंय’ म्हणून खरवडू नका. ब्रिटिश वर्कशॉप दुरुस्तीनंतर फॉस्फेटच्या थरावर सनकोराइट नावाचा काळा भट्टीत पक्का केलेला रंग देत असत. तो कुरूप दिसतो खरा, पण तो सरकारी आहे.

गंजाचे ठिपके असतील तर पातळ यंत्रतेल लावून दोन-तीन दिवस मुरू द्या, मग सुती कापडानं पुसा. गरज पडली तर पुन्हा तेल, पुन्हा कापड. स्टीलचा काथ्या नको, गंजाबरोबर तो ब्लूइंगही उचलतो. तेल पट्ट्यांच्या खाली झिरपू देऊ नका, लाकूड ते पितं आणि काळवंडतं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये शस्त्र साठवायचं नाही: चामडं ओल धरतं, त्यातले कमावण्याचे क्षार धातूला लागतात आणि जिथे चामडं टेकलेलं तिथेच चट्टे उमटतात. खाडीकाठच्या ठाण्यात जून ते सप्टेंबर हा धोका रोजचा आहे. कपाटात गंजरोधक कागदात गुंडाळून ठेवा आणि शेजारी निळ्या दाण्यांची सिलिका जेलची डबी. दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसला सुकवून परत निळे करता येतात. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करायची वेळ आली तर देण्याआधी तेलाचा पातळ हात फिरवा, आणि पावतीवर पूर्ण नंबराबरोबर ‘एक पट्टी लाकडी, एक प्लास्टिक’ अशी नोंद आग्रहानं करून घ्या. तुमची बेजोड जोडी इथे एकदम कामाची ठरते.

लायसन्सच्या पुस्तिकेतला नंबर आणि फ्रेमवरचा नंबर अक्षरन् अक्षर पडताळा. एनफिल्डच्या नंबराआधी बहुधा इंग्रजी अक्षर असतं, आणि जुन्या नोंदींत नेमकं तेच गाळलेलं सापडतं. कधी तर सिलिंडरवरचा खोडलेला नंबरच लिहिलेला असतो. तसं निघालं तर नूतनीकरणाची वाट न पाहता ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेत दुरुस्तीचा अर्ज द्या, सोबत फ्रेम, नळी आणि सिलिंडर यांचे जवळून घेतलेले फोटो जोडा. बोअरची नोंदही पाहा. .३८० आणि .४५५ ची काडतुसं झाडू शकणारी रिव्हॉल्व्हर, ज्याला बोलीत प्रतिबंधित बोअर म्हणतात त्या गटात येतात, आणि त्यांची मंजुरी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत असते. ‘जुनं आहे, शोभेचं आहे, लायसन्स कशाला’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. कलम ४५ मधली सवलत दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा शस्त्रालाच आहे. तुमचं तसं नाही.

आता नेरुळ. व्हिक्टरी हे मुळात युद्धकाळातलं राखाडी, मंद पृष्ठभागाचं, साध्या गुळगुळीत अक्रोडी पट्ट्यांचं रिव्हॉल्व्हर. कारखान्याचे जुने नंबर दहा लाखांना भिडले तेव्हा १९४२ मध्ये व्ही अक्षर लावून नवी मालिका सुरू झाली. म्हणजे व्ही नंबर आणि आरशासारखी चकाकी हे एकत्र बसत नाहीत. ते नंतर पॉलिश केलेलं आहे, एवढं न पाहताही सांगता येतं. खातरजमेसाठी हॅमर आणि चाप पाहा. स्मिथ अँड वेसनचे हे दोन भाग ब्लू केलेले नसतात, केस-हार्डनिंगमुळे, म्हणजे वरचा थर कडक करण्याच्या प्रक्रियेमुळे, त्यांच्यावर करड्या-तपकिरी ढगांसारखी छटा असते. तेही काळे-निळे झालेले असतील तर अख्खं शस्त्र सरसकट टाकीत बुडवलंय.

मग नळीची उजवी बाजू वाचा; सगळा निकाल तिथे आहे. तिथे ‘.३८ एस अँड डब्ल्यू स्पेशल सीटीजी’ असं असेल, तर तो अमेरिकी सैन्यासाठी बनलेला चार इंची नमुना. नळीची लांबी बरोबर, आणि .३८ स्पेशल हेच त्याचं काडतूस. पण ‘स्पेशल’ शब्द नसेल, नुसतं ‘.३८ एस अँड डब्ल्यू सीटीजी’ असेल, तर तो ब्रिटिशांना पुरवलेला .३८० चा नमुना. त्यांची नळी १९४२ पासून पाच इंची ठरलेली होती, म्हणून चार इंची नळी बहुधा कापलेली. कापलेल्या नळीवर ‘स्मिथ अँड वेसन’ हे शब्द मध्यभागी न राहता तोंडाकडे सरकलेले दिसतात. पुढची माशी, म्हणजे नेम धरायचं नळीवरचं टोक, हीही तपासा: मूळ माशी अर्धचंद्राकार आणि नळीच्या धातूतूनच घडवलेली असते, नंतर बसवलेलीच्या तळाशी डाख किंवा सांध्याची रेघ सापडते.

अशा नगात .३८ स्पेशल ‘चालतं’ याचा अर्थ चेंबर खोल करून घेतलेत. हे युद्धानंतर बाजारात पुष्कळ झालं. .३८ एस अँड डब्ल्यूचं कवच १९.७ मिलिमीटर लांबीचं आणि बुडाशी जाडसर, .३८ स्पेशलचं २९.३ मिलिमीटर आणि सडपातळ. चेंबर पुढे खोदता येतं, मागचं रुंद भोक अरुंद करता येत नाही. मग स्पेशलचं कवच बुडाशी सैल बसतं आणि झाडल्यावर फुगतं किंवा उभं चिरतं. वर त्या काडतुसाचा दाबही मूळ काडतुसापेक्षा जास्त. रिकाम्या सिलिंडरमध्ये व्हर्नियरची खोली मोजायची पट्टी मागून घाला: आतली पायरी, म्हणजे चेंबर अरुंद होतं ती जागा, २० मिलिमीटरच्या आसपास लागली तर मूळ, ३० च्या जवळ लागली तर खोदलेलं. काडतूस घालून ‘बसतं का’ असं पाहायचं नाही. नक्की माप गनस्मिथ गेजनं घेईल.

नंबर जुळवायच्या जागा इथे जास्त आहेत. मुठीच्या तळाशी दोरीच्या कडीच्या दोन्ही बाजूंना, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, नळीच्या खालच्या सपाट भागावर आणि उजव्या पट्टीच्या आतल्या अंगाला. शिवाय योक नावाच्या ज्या झुलत्या भागावर सिलिंडर फिरतं त्याच्या मागच्या बाजूला, जो सिलिंडर उघडून एका चेंबरमधून टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही. हाच शेवटचा नंबर बहुतेक वेळा खरं सांगतो, कारण तो तिथे आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. फ्रेमच्या खोबणीत सिलिंडर उघडल्यावर समोर दिसणारे आकडे मात्र जुळणीचे, कारखान्यातल्या सोयीचे. ते मुख्य नंबराशी जुळत नाहीत म्हणून सौदा मोडू नका, आणि विक्रेता तेच लायसन्सवर दाखवत असेल तर मोडा. तळावरच्या नंबरापाशी छोटी चांदणी असेल तर तिचा एनफिल्डच्या चांदणीशी काही संबंध नाही, शस्त्र दुरुस्तीसाठी कारखान्यात परत जाऊन आल्याची ती खूण. कडी काढून भोक बुजवलंय का, तेही बघून घ्या. नंबराआधी व्हीऐवजी एसव्ही असेल तर उत्तम: १९४४ मध्ये खाली पडलेल्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून अमेरिकी नौदलातला एक जण दगावला, त्यानंतर सुधारलेला हॅमर-अडसर त्या मालिकेत आहे. साध्या व्ही नंबराच्या नगात तो नंतर बसवलाय का हे गनस्मिथला विचारा.

सिलिंडर उघडताना डावीकडची कळ पुढे ढकलायची, कोल्टसारखी मागे ओढायची नाही. आणि सिनेमातल्यासारखं मनगटाच्या झटक्यानं बंद करायचं नाही, त्यानं योक वाकतो. मालकानं तुमच्यासमोर तसं करून दाखवलं तर तेही वहीत लिहा.

पैशाचं बोलायच्या आधी यजमानांनी मालकांकडे तीन फोटो मागावेत: नळीची उजवी बाजू, मुठीचा तळ आणि लायसन्सचं शस्त्राच्या नोंदीचं पान. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशानं आलेलं धरून, तेव्हा यजमानांच्या लायसन्सवर एनफिल्डखेरीज आणखी एखादं असेल तर विषय तिथेच संपतो. नसेल, तर विक्रीची आणि खरेदीची परवानगी नवी मुंबई आणि ठाणे या दोन वेगवेगळ्या आयुक्तालयांच्या हद्दीत गुंतलेली आहे, आणि बोअर .३८० निघाली तर वर गृह मंत्रालय. नळीवर ‘स्पेशल’ शब्द नाही आणि चेंबरमधली पायरी ३० मिलिमीटरला लागली, तर एवढ्या खटपटीनंतर हातात येणार आहे ते झाडायला धोक्याचं आणि संग्रहाला निकामी शस्त्र. फोटो येईपर्यंत बयाणा देऊ नका.